डॉ. कमल रणदिवे

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुणे येथे झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची फार इच्छा. परंतु हुजूरपागेत शिकलेल्या कमलताईंचे मन सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींतच अधिक रमले. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे त्या शरीरातील पेशी काचपात्रात जगविण्याची विद्या शिकल्या आणि परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्यासाठी प्रयोगशाळा उभारली.

हीच विद्या त्यांनी एका जुन्या कोड्याकडे वळविली. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्येच पाहिला होता; पण तो काचनळीत काही केल्या वाढेना. क्षयाचा जंतू हा त्याचा भाऊबंद. त्याला अंड्याचा बलक घातलेले खाद्य पुरते. कुष्ठाच्या जंतूपुढे मात्र कोणतेही पक्वान्न ठेवा, तो स्वस्थ! असे का, हे २००१ साली त्याची जनुके वाचली गेली तेव्हा नीट उमगले. त्याची हजाराहून अधिक जनुके निकामी झालेली आहेत. अन्नापासून शक्ती मिळविण्याची कित्येक साधने तो गमावून बसला आहे. म्हणून माणसाच्या पेशीत शिरून तो तिच्या शिदोरीवर जगतो, आणि एकाचे दोन होण्यास सुमारे दोन आठवडे घेतो.

हे ज्ञान हाती नसताना, १९५८ साली बापट व खानोलकर यांच्यासह कमलताईंनी रुग्णाच्या गाठीतून घेतलेला एक जंतू काचपात्रात वाढविला. हाच कुष्ठाचा जंतू काय, यावर पुष्कळ वाद झाला. अखेर तो त्याच कुळातील निराळा जंतू ठरला. खरा जंतू निर्जीव खाद्यावर आजही कोणास वाढविता आलेला नाही. तरी श्रम वाया गेले नाहीत. त्याच निराळ्या जंतूला निर्जीव करून मुंबईच्या संशोधकांनी पुढे लस बनविली. दक्षिण भारतात तिची मोठी चाचणी झाली. ती टोचलेल्या लोकांत रोगाचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशाने कमी आढळले, असा निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाला.

कुष्ठरोगावरील कार्यासाठी कमलताईंना १९६४ साली वाटुमल पारितोषिक मिळाले, तर १९८२ मध्ये पद्मभूषण. निवृत्तीनंतरही त्या घरी बसल्या नाहीत. अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचा त्यांनी अभ्यास केला. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.