पंडिता रमाबाई व दुष्काळांतील मुली

दुष्काळ म्हणजे काय हें बीड जिल्ह्यांतील मंडळ्यांस शिकवावें लागत नाहीं. विहिरी आटल्या, गुरें विकलीं, ऊसतोडीसाठीं बिऱ्हाडेंच्या बिऱ्हाडें गांव सोडून गेलीं, हें आपण डोळ्यांनीं पाहिलें आहे. अशा वेळीं मनुष्य प्रथम आपल्याच माणसांचा विचार करितो, व त्यांत नवल नाहीं. परंतु स्वतः भूक सोसलेल्या एका बाईची प्रीति आपल्या जातीच्या विधवांपासून निघून कोणाच्याहि मुलीपर्यंत कशी पोहोंचली, तें आज सांगावयाचें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे तीर्थोतीर्थीं पुराण सांगत फिरत. लोकनिंदा सोसून त्यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें व रमाबाई आईपासून शिकल्या. १८७० नंतरच्या दुष्काळांत प्रथम आईबाप व मागाहून बहीण गेली. उरलेलीं दोघें भावंडें पायीं हिंडत १८७८ मध्यें कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पुढें भाऊ वारला. १८८० मध्यें बिपिनबिहारी मेधावी यांजशीं विवाह झाला आणि १८८२ मध्यें वैधव्य आलें. पदरीं मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

१८८३ मध्यें त्या इंग्लंडास गेल्या. लंडनांतील फुलहॅम येथें ख्रिस्ती भगिनी वाट चुकलेल्या स्त्रियांची सेवा करीत होत्या. समाजानें टाकलेल्या स्त्रियांवर कोणी अशी माया करितो, हें रमाबाईंनीं पूर्वीं पाहिलें नव्हतें. कारण विचारतां त्यांस शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यांत आली. त्याच वर्षीं २९ सप्टेंबरास त्यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि आपणांस धर्म मिळाला, पण ख्रिस्त पुढें कित्येक वर्षांनीं भेटला, असें त्या स्वतःच मानीत. ही कबुली मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षां मोठी वाटते.

११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईंत शारदा सदन उघडलें. तें पुढील वर्षीं पुण्यास नेलें. अमेरिकेंतील मित्रांच्या मंडळाचा पैसा उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठीं होता. १८९३ मध्यें मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात म्हणून पुण्यांत गदारोळ झाला, सल्लागार मंडळींनीं राजीनामे दिले व पुष्कळ मुली पालकांनीं परत नेल्या. ते सल्लागार वाईट नव्हते. रानडे व भांडारकर यांसारखे सज्जन त्यांत होते.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांत लोक अन्नावांचून मरत आहेत हें ऐकून रमाबाईंस आपलीं जुनीं उपाशी वर्षें आठवलीं. हातीं पैसा नव्हता, आणि या मुली उच्चवर्णीयहि नव्हत्या. तरी त्या गेल्या व सुमारें तीनशें मुली व बाया घेऊन आल्या. कोणी रोगी, कोणी खरूज झालेली, कोणी अन्न चोरून लपविणारी. अशांस नहाण घालणें, औषध देणें व पुनः पुनः क्षमा करणें हें रोजचें काम होतें. पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तामुळें त्यांस ठेवतां येईना. तेव्हां दौंड तालुक्यांतील केडगांव येथें फळबागेसाठीं घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. तेंच मुक्ति सदन. १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतूनहि मुली आणिल्या, व तेथील माणसें दोन हजारांच्या घरांत गेलीं. विहिरी खणल्या, माग चालले, छापखाना आला. कृपा सदनांत फसलेल्या स्त्रियांस आसरा मिळाला. फुलहॅमचें तें बीं येथें उगवलें. आंधळ्यांस मनोरमाबाई शिकवीत. बीड जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. त्याच राज्यांत गुलबर्गा येथेंहि मनोरमाबाईंनीं शाळा काढिली.

खेड्यांतील बायांस कळेल अशा सोप्या मराठींत पवित्र शास्त्र असावें म्हणून रमाबाई उतारवयांत इब्री व ग्रीक शिकल्या. १९२१ मध्यें मनोरमाबाई वारल्या, तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई प्रभूकडे गेल्या. ग्रंथ १९२४ मध्यें बाहेर पडला, आणि तो छापला मुक्ति सदनांतील बायामुलींनींच.