राखेचं वर्ष : दुष्काळाला हजरत उमर (रजि.) यांनी कसं तोंड दिलं?

२०१९ साली सांगली-कोल्हापूर पाण्यात गेलं. २०२१ च्या जुलैत चिपळूण आणि महाड बुडालं. दोन्ही वेळा आपल्या जमातींची तरुण पोरं चिखलात उतरली, डेगा चढल्या, घरं साफ झाली. याचं समाधान आहेच. पण एक गोष्ट आम्हाला खटकत राहते. पाणी घरात शिरल्यावरच आपण जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात चादर पसरतो. मग मोबाइलवर खाते क्रमांक फिरतात, आणि त्याच गडबडीत वाद सुरू होतात. जकातीचा पैसा इथे चालेल का? शेजारच्या गैरमुस्लिम घराला कशातून द्यायचं? टेम्पोचं भाडं कुणी द्यायचं? आठवड्याभराने पैसा संपतो, वाद मात्र उरतात.

हे प्रश्न नवे नाहीत. चौदाशे वर्षांपूर्वी मदीनेत ते एका माणसासमोर एकदम उभे राहिले होते. हजरत उमर बिन खत्ताब (रजि.) यांचा न्याय आणि साधेपणा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांच्या आयुष्याकडे आज आम्ही एका वेगळ्या बाजूने पाहणार आहोत : संकटातल्या माणसाला पोसण्यासाठी त्यांनी पैसा आणि धान्य उभं कसं केलं?

मक्केतला उंटांचा राखणदार

हजरत उमर (रजि.) मक्केतल्या कुरैशच्या बनू अदी या शाखेतले. वयाने ते पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांच्यापेक्षा साधारण तेरा वर्षांनी लहान. वडील खत्ताब कडक स्वभावाचे. लहानपणी वडिलांचे उंट चारताना उमर (रजि.) यांनी बरीच बोलणी खाल्ली. पुढे खलिफा झाल्यावर त्या रानातून जाताना त्यांना ते दिवस आठवत. मोठेपणी त्यांनी व्यापार केला. त्या काळी मक्केत लिहिता-वाचता येणारी माणसं मोजकीच होती, त्यांतले ते एक. नबुवतीच्या सहाव्या वर्षी त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि पुढे मदीनेला हिजरत केली.

माल द्यायचा म्हणजे काय, हे ते मदीनेत शिकले. त्यातले दोन प्रसंग पुढे फार कामाला आले.

पहिला प्रसंग खैबरच्या जमिनीचा. खैबर ७ हिजरीत जिंकलं गेलं, आणि तिथली चांगली जमीन त्यांच्या वाट्याला आली. इतका मोलाचा माल त्यांना आधी कधी मिळाला नव्हता. त्याचं काय करावं, याचा मशवरा त्यांनी पैगंबर (सल्ल.) यांच्याकडे मागितला. तो मिळाला असा, की मूळ जमीन तशीच राखावी आणि तिचं उत्पन्न दान करावं. मग ठरलं : ही जमीन विकली जाणार नाही, भेट दिली जाणार नाही, वारशात वाटली जाणार नाही. उत्पन्न जाईल गरिबांना, नातेवाइकांना, गुलामांच्या सुटकेला, अल्लाहच्या मार्गात, मुसाफिरांना आणि पाहुण्यांना. जो तिचा कारभार पाहील त्याने रीतसर पोटापुरतं घ्यावं, पण त्यातून इस्टेट करू नये. हा कारभार त्यांनी पुढे आपली मुलगी, उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे सोपवला. वक्फचा कायदा ज्या उदाहरणावर उभा राहिला, ते हेच.

दुसरा प्रसंग तबूकच्या मोहिमेचा, ९ हिजरीतला. कडक उन्हाळा, हाती पैसा नाही आणि लांबचा प्रवास. पैगंबर (सल्ल.) यांनी आवाहन केलं. उमर (रजि.) घरातला अर्धा माल घेऊन आले. आज तरी अबू बक्र (रजि.) यांच्या पुढे जाऊ, असं त्यांच्या मनात होतं. अबू बक्र (रजि.) घरातलं सगळंच घेऊन आले होते.

म्हणजे दान दोन तऱ्हांनी उभं राहतं, हे त्यांनी स्वतः देऊन पाहिलं होतं. एक आवाहन झाल्यावर त्या दिवसापुरतं येतं, दुसरं वर्षानुवर्षं झिरपत राहतं. समाजाला दोन्ही लागतात. पहिल्यात जोश आहे, पण फक्त जोशावर नऊ महिने चूल पेटत नाही. ती वेळ पुढे आलीच.

राखेचं वर्ष

१३ हिजरीत, म्हणजे इसवी सन ६३४ मध्ये, ते खलिफा झाले. इराक आणि शाम इस्लामी राज्यात आले, बैतुलमालमध्ये पैसा येऊ लागला. आणि १८ हिजरीत, म्हणजे ६३९ साली, हिजाजमधला पाऊस गेला. माती इतकी सुकली, की वारा सुटला की राखेसारखी उडायची. अरबीत राखेला रमाद म्हणतात, म्हणून त्या सालाचं नाव पडलं आमुर्रमादा, राखेचं वर्ष. जनावरं मेली. वाळवंटातले कबिले पोरंबाळं घेऊन मदीनेच्या वेशीवर येऊन पडले. हे जवळजवळ नऊ महिने चाललं.

खलिफांनी त्यांना परत हाकललं नाही. शहराच्या चारी बाजूंना त्यांनी माणसं नेमली. तिथे किती लोक आहेत, कोण आजारी आहे, काय कमी पडतंय याची खबर ही माणसं रोज संध्याकाळी खलिफांना देत. मोठ्या डेगा पहाटेपासून चढत. इब्ने साद यांच्या तबकात या ग्रंथात त्या जेवणाचे आकडेसुद्धा आहेत. एका रात्री मोजलं तर पंगतीला सात हजार माणसं होती. जे येऊ शकत नव्हते, म्हणजे आजारी, बायका आणि मुलं, त्यांची मोजणी चाळीस हजारांवर गेली. काही दिवसांनी हेच आकडे दहा हजार आणि पन्नास हजार झाले.

ही मोजणी आम्हाला फार महत्त्वाची वाटते. किती ताटं लागणार हे कळल्याशिवाय किती धान्य मागायचं हे कसं कळणार? आणि पंगतीला न येऊ शकणारा माणूस तर मोजल्याशिवाय दिसतच नाही.

धान्य कुठून आलं?

मदीनेच्या बैतुलमालमध्ये होतं ते आधी खर्च झालं. मग ज्या प्रांतांत पाऊसपाणी ठीक होतं, तिथल्या अधिकाऱ्यांना खलिफांची पत्रं गेली. शामचे अबू उबैदा बिन जर्राह (रजि.) चार हजार उंटांवर धान्य लादून आले, असं नोंदलेलं आहे. ते वाटायचं कामही खलिफांनी त्यांच्यावरच सोपवलं. काम झाल्यावर त्यांना चार हजार दिरहम देऊ केले. अबू उबैदा (रजि.) नको म्हणाले, कारण त्यांनी हे अल्लाहसाठी केलं होतं. तेव्हा उमर (रजि.) यांनी त्यांना सांगितलं, की पैगंबर (सल्ल.) यांनी मलाही एकदा असंच दिलं होतं, मीही असाच नको म्हणालो होतो, आणि त्यांनी मला घ्यायला लावलं होतं. मग अबू उबैदा (रजि.) यांनी पैसे घेतले. राबणाऱ्याचा मोबदला हा दानावरचा डाग नव्हे. कुरआनने जकातीच्या आठ हक्कदारांत जकातीचं काम करणाऱ्यांनाही धरलंय, ते उगाच नाही.

काफिल्यांबद्दलच्या रिवायतींत आणखी एक बारकावा आहे. धान्य मदीनेत पोचेपर्यंत थांबायचं नाही, वाटेवरच्या कबिल्यांना तिथेच द्यायचं. उंट कापून मांस वाटायचं, आणि रिकाम्या गोणींचं पांघरूण करायचं. थंडीत उघड्यावर पडलेल्या माणसाला गोणीसुद्धा मोलाची असते, हे ज्याने गरिबी पाहिली त्यालाच सुचतं.

आणि जकात? त्या वर्षी त्यांनी हिजाजच्या कबिल्यांकडे जकात गोळा करायला माणसं पाठवलीच नाहीत. ज्याचे उंट मेले त्याच्याकडून काय घेणार? पाऊस पडल्यावर पुढच्या वर्षी माणसं गेली आणि दोन वर्षांची जकात घेतली. त्यातली एका वर्षाची तिथल्याच गरिबांत वाटली, दुसरी मदीनेला आणली. हक्क सोडला नाही, फक्त वेळ दिला. भुकेने चोरी करणाऱ्याला हात कापण्याची शिक्षा त्या वर्षी दिली गेली नाही, अशीही रिवायत आहे.

खलिफांचं ताट

दुष्काळ संपेपर्यंत तूप, दूध आणि मांस खायचं नाही, अशी त्यांनी कसम घेतली. भाकरी आणि जैतूनचं तेल, एवढंच. तेलाने पोटात गुडगुड व्हायची आणि रंग काळवंडला. जवळच्या लोकांना वाटलं, पाऊस आला नाही तर मुसलमानांच्या काळजीने उमर (रजि.) मरतील. बैतुलमाल त्यांच्याच हातात होतं, कुणी विचारणारं नव्हतं. पण लोकांना जे मिळत नाही ते आपण खाल्लं तर त्यांचं दुःख आपल्याला कळणार नाही, ही त्यांची समज होती.

त्यांनी अल्लाहपुढे हात पसरले. पैगंबर (सल्ल.) यांचे चुलते हजरत अब्बास (रजि.) यांना सोबत घेऊन पावसाची नमाज झाली, आणि पाऊस आला. पण काम तिथे संपलं नाही. कबिल्यांना वाटखर्चाचं धान्य आणि बसायला जनावरं देऊन खलिफांनी आपापल्या रानात परत पाठवलं. माणूस पुन्हा स्वतःच्या पायावर उभा राहिला, की मदत पुरी झाली.

पुढच्या संकटाची सोय

आमच्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम पाऊस पडल्यानंतरचं आहे. इजिप्त राज्यात आल्यावर त्यांनी अम्र बिन आस (रजि.) यांच्याकडून नाईल नदीला तांबड्या समुद्राशी जोडणारा जुना, बुजलेला कालवा पुन्हा खणून घेतला. इजिप्तचं धान्य जहाजांतून मदीनेजवळच्या जार बंदरात उतरू लागलं. उंटांवरून महिनोन्‌महिने होणारी वाहतूक वाचली. त्या कालव्याला नावच पडलं अमीरुल मोमिनीनचा कालवा.

मदीनेत त्यांनी दारुद्दकीक, म्हणजे पिठाची कोठी उभारली. तिथे पीठ, सातू, खजूर आणि मनुका भरून ठेवलेल्या असत. अडलेल्या मुसाफिरांसाठी आणि पाहुण्यांसाठी मक्का-मदीनेच्या वाटेवरही अशी सोय केली. उपाशी मुलांची समजूत घालायला रिकामी हंडी चुलीवर ठेवणाऱ्या बाईची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. त्या रात्री खलिफांनी पाठीवर पिठाचं पोतं नेलं, हे सगळ्यांना आठवतं. पण ते पोतं आलं कुठून? याच कोठीतून. ती आधीच भरलेली होती, म्हणून मध्यरात्री पीठ मिळालं.

ही मदत धर्म पाहून अडली नाही. इमाम अबू यूसुफ यांनी किताबुल खराजमध्ये नोंदवलंय, की एका म्हाताऱ्या, आंधळ्या यहुद्याला दारोदार मागताना पाहून उमर (रजि.) त्याला घरी घेऊन गेले. त्याला काही दिलं, आणि त्याच्यासारख्यांचा जिझिया माफ करून बैतुलमालमधून तजवीज केली. तरुणपणी कर घ्यायचा आणि म्हातारपणी वाऱ्यावर सोडायचं, हे त्यांना इन्साफाचं वाटलं नाही.

शेवटचा हिशेब

२३ हिजरीच्या जिलहिज्ज महिन्यात, इसवी सन ६४४ मध्ये, फजरच्या नमाजीत त्यांच्यावर खंजिराचे वार झाले. त्या जखमांनी ते शहीद झाले. अखेरच्या घडीला त्यांनी मुलगा अब्दुल्लाह (रजि.) यांना आपलं कर्ज मोजायला सांगितलं. ते साधारण ८६ हजार दिरहम निघालं. ते घरच्या मालातून फेडावं, कमी पडलं तर बनू अदीकडे आणि मग कुरैशकडे मागावं, त्यापलीकडे जाऊ नये, असं त्यांनी बजावलं. ज्यांच्या हातून हजारोंच्या पोटाला धान्य गेलं, त्यांनी आपल्या कर्जाचा भार बैतुलमालवर टाकला नाही.

आपल्या जमातीला यातून काय घेता येईल? खलिफाएवढी सत्ता आपल्याकडे नाही, पण मृगाच्या आधी एक बैठक घेता येते. जकात, सदका आणि वक्फचं उत्पन्न यांचे हिशेब वेगळे ठेवले, तर पुराच्या रात्री वाद होणार नाही. बहुतेक फुकहांच्या मते जकात मुस्लिम गरजूंसाठी आहे, पण सदका कुणालाही देता येतो. म्हणून शेजाऱ्यांसाठी सदक्याची पेटी भरलेली हवी. आपल्या उलमांना हे आताच विचारून ठेवावं. नदीकाठच्या वस्तीत म्हातारे किती, आजारी किती, याची यादी असावी. टेम्पोचं भाडं कशातून द्यायचं तेही ठरलेलं असावं. आणि काम झालं की हिशेब मशिदीच्या फळ्यावर लागावा.

पाठीवर पोतं घेणारे तरुण आपल्याकडे आहेत, अलहमदुलिल्लाह. कोठी भरून ठेवायची अक्कल आणि हिंमत अल्लाह आपल्याला देवो. आमीन.