बेनी गुडमन आणि त्याचे गुरू

लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांच्या हाती एक काळे, लांबट वाद्य दिसते. त्यावर चांदीसारख्या चकाकणाऱ्या कळा असतात. हे क्लॅरिनेट. त्याच्या टोकाशी वेताची पातळ पट्टी बसविलेली असते. वादकाच्या फुंकेने ती थरथरते आणि नळीतून स्वर उमटतो. ओठांची ठेवण किंचित जरी चुकली, तरी त्या गोड स्वराचा चीत्कार होतो. म्हणूनच ही विद्या केवळ पुस्तकातून येत नाही. ती गुरूपुढे बसून घ्यावी लागते. अमेरिकेत या वाद्यावर ज्याने अलोट कीर्ती मिळविली, तो बेनी गुडमन अशाच गुरूंचा शिष्य होता.

बेनीचा जन्म शिकागो शहरात ३० मे १९०९ रोजी झाला. त्याचे आईवडील रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आलेले गरीब ज्यू होते. बारा भावंडांत बेनी नववा. वडील डेव्हिड शिवणकाम करीत. परंतु एवढ्या मोठ्या संसाराला ती मिळकत कशी पुरणार? कधी कधी घरात खायलाही काही नसे. तरीही मुलांना एखादी विद्या यावी, हा त्या बापाचा ध्यास होता. जवळच्या एका ज्यू प्रार्थनामंदिरात मुलांना अल्प मोबदल्यात वाद्ये शिकवितात, असे कळताच तीन मुलांना घेऊन ते तेथे गेले. अंगापिंडाने मोठ्या असलेल्या मुलाला अवजड ट्यूबा मिळाला, दुसऱ्याला ट्रंपेट. बेनी सर्वांत लहान, तेव्हा दहा वर्षांचा. त्याच्या वाट्याला हलके क्लॅरिनेट आले. तो थोडा थोराड असता, तर ही कथा कदाचित निराळीच झाली असती!

पुढे बेनीला फ्रान्झ शेप हे जर्मन गुरू लाभले. ते शिस्तीचे कडक होते. बोटांची हालचाल, श्वासाचे नियमन, स्वरांची शुद्धता यांत रेसभरही सवलत नसे. बेनीने त्यांच्याजवळ सुमारे दोन वर्षे अभ्यास केला आणि पाया पक्का करून घेतला. परंतु शेप यांची एक रीत याहूनही महत्त्वाची होती. एका शिष्याचा पाठ संपला की ते त्याला थांबवून घेत आणि पुढच्या शिष्याबरोबर जोडीने वाजवावयास लावीत. या जोडीत बेनीला कधी बस्टर बेली हा तरुण साथीला मिळे. बेली कृष्णवर्णीय होता.

आज यात कोणाला काही विशेष वाटणार नाही. परंतु तो काळ लक्षात घेतला पाहिजे. १९१९ च्या उन्हाळ्यात याच शिकागोत गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यात भीषण दंगल होऊन ३८ माणसे प्राणास मुकली होती. अशा शहरात शेप शिष्याचा वर्ण पाहत नव्हते. त्याचा स्वर पाहत होते. न्यू ऑर्लिन्सकडून आलेला विख्यात कृष्णवर्णीय वादक जिमी नून हाही त्यांच्याकडे शिकला. या थोरल्या गुरुबंधूचे वादन ऐकून बेनीने जॅझ संगीताचे मर्म आत्मसात केले. अशा रीतीने एकाच गुरूच्या घरी दोन प्रवाह मिळाले: एक युरोपातील लिखित संगीताचा, दुसरा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या जॅझचा.

बेनी किशोरवयातच वादनावर पैसे मिळवू लागला. वडील तेव्हा वर्तमानपत्रे विकत. आता कष्ट पुरे करावेत, असे मुलांनी विनविले. स्वाभिमानी डेव्हिडनी ते मानले नाही. १९२६ च्या डिसेंबरात रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. मुलाचे वैभव त्यांना दिसलेच नाही, हे दुःख बेनीला जन्मभर सलत राहिले.

१९३५ साली बेनीच्या वाद्यवृंदाने सारी अमेरिका डोलावयास लावली. त्याच वर्षी त्याने टेडी विल्सन या कृष्णवर्णीय पियानोवादकासह ध्वनिमुद्रण केले. ध्वनिमुद्रिकेत वर्ण दिसत नाही. रंगमंचावर मात्र तो लपत नाही. गोरे व कृष्णवर्णीय वादक लोकांसमोर एकत्र बसत नसत. बेनीही आरंभी कचरला. पण १९३६ साली शिकागोतच त्याने विल्सनला आपल्या शेजारी बसविले, आणि लवकरच लायोनेल हॅम्प्टन हा दुसरा कृष्णवर्णीय कलावंतही त्यात सामील झाला. शेप यांच्या घरी जे लहानपणी घडत होते, तेच आता हजारो लोकांदेखत घडले. १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, जेथे अभिजात संगीताच्या मैफली होत, तेथे या मंडळींनी जॅझ गाजविला.

एवढी कीर्ती मिळाल्यावर आणखी काय शिकावयाचे उरते? बेनीला तसे वाटले नाही. मोझार्टचे संगीत तो जाहीरपणे वाजवू लागला होता. बार्टोक आणि कॉपलंड या थोर संगीतकारांकडून त्याने आपल्या वाद्यासाठी नव्या रचना करवून घेतल्या होत्या. मात्र आपला स्वर या संगीताला पुरा पडत नाही, अशी रुखरुख त्याला लागली. रेजिनाल्ड केल हे इंग्लंडचे नामांकित क्लॅरिनेटवादक १९४८ मध्ये अमेरिकेत येऊन राहिले होते. ते बेनीहून जेमतेम तीन वर्षांनी मोठे. चाळिशीच्या सुमारास बेनी त्यांचा शिष्य झाला.

लहानपणापासून तो वाद्याचे टोक वरच्या दातांखाली धरीत असे. केल यांच्या पद्धतीत ते दोन्ही ओठांत धरावयाचे होते. हे ऐकावयास सोपे. परंतु त्यासाठी तीस वर्षांची सवय मोडावी लागली. बोटांची ठेवणही बदलली. त्यासाठी जुने घट्टे काढून टाकावे लागले. ज्याच्या वादनासाठी प्रेक्षागृहे भरून जात, तो घरी नवशिक्यासारखे प्राथमिक स्वरपाठ घोटू लागला. या खटाटोपाने त्याच्या जॅझमधील जुनी धार बोथट झाली, असे काही जाणकार म्हणतात. त्यावर मतभेद आहेत; शिष्याच्या चिकाटीविषयी मात्र नाहीत.

१९६२ मध्ये तो आपला वाद्यवृंद घेऊन सोव्हिएत रशियात गेला. त्याच्या पूर्वजांनी ज्या साम्राज्यातून निर्वासितासारखा निरोप घेतला होता, त्या भूमीत तो अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून वाजवीत होता. १३ जून १९८६ रोजी न्यूयॉर्क येथे सत्त्याहत्तराव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्या महिन्यातही त्याने जाहीर कार्यक्रम केला होता. त्याच्या संगीतरचनांच्या हस्तलिखित प्रती येल विद्यापीठाने जतन केल्या आहेत.