माक्स विल्म्स

लहान मुलांच्या मूत्रपिंडांत जी एक घातक गांठ उद्भवते, तिला वैद्यकांत विल्म्सचें अर्बुद म्हणतात. ज्या पुरुषाचें नांव अशा रीतीनें एका दुखण्यास कायमचें जडलें, त्याचें अल्प चरित्र आम्हीं येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

माक्स विल्म्स यांचा जन्म ता. ५ नोव्हेंबर १८६७ रोजीं जर्मनींत आखेन शहरानजीक झाला. वडील वकील होते. मुलगाहि प्रथम कायद्याकडेच वळला, परंतु त्याचें मन तेथें रमलें नाहीं. १८९० सालीं बॉन येथें वैद्यकाची पदवी मिळाल्यावर विल्म्स यांनीं कांहीं काळ सूक्ष्मदर्शकाखालीं शरीरांतील विकृतींचा अभ्यास केला व मग ते शस्त्रवैद्य झाले. १८९९ सालीं लाइप्झिग येथें असतां त्यांनीं या गांठींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच गांठींत स्नायु, कूर्चा, चरबी असें नाना प्रकारचें द्रव्य कां सांपडतें, हें कोडें होतें. बालक गर्भांत असतांनाच्या आदिपेशींपासून हें सारें वाढतें, असें त्यांनीं प्रतिपादिलें.

पण ही गांठ शरीरांतून काढल्याखेरीज तिचें स्वरूप त्यांना पाहतां येत नसे. राँटगेन यांचे क्ष-किरण १८९५ सालींच सांपडले होते. परंतु त्यांनीं हाड स्पष्ट दिसे, मूत्रपिंड व सभोंवतालचें मांस यांची छाया मात्र जवळजवळ सारखीच पडे. शिरेंतून आयोडिनयुक्त द्रव्य घालून मूत्रमार्गाचें चित्र घेण्याची सोय १९२९ सालीं झाली. आतां सोनोग्राफीनें बालकास न दुखवितां गांठ मूत्रपिंडांतूनच निघाली आहे काय, ती मोठ्या शिरेंत शिरली आहे काय, हें पाहतात. सीटी किंवा एमआरआयनें दुसरें मूत्रपिंडहि तपासतात. ज्या देशांत हीं साधनें, शस्त्रक्रिया व औषधें मिळतात, तेथें दहांपैकीं सुमारें नऊ मुलें वांचतात. बहुधा आईलाच न्हाऊं घालतांना पोट एका बाजूस टणक लागतें. तेथें वारंवार दाबून पाहूं नये, तडक डॉक्टर गांठावा, हें आम्हीं पालकांस मुद्दाम सांगतों.

विल्म्स पुढें बाझल येथें व १९१० पासून हायडेलबर्ग येथें प्राध्यापक होते. महायुद्ध चालूं असतां, १९१८ च्या मे महिन्यांत, घटसर्पानें श्वास कोंडलेला एक फ्रेंच युद्धकैदी त्यांच्याकडे आला. शत्रुपक्षाचाच तो अधिकारी. विल्म्स यांनीं त्याच्या गळ्यावर शस्त्रक्रिया केली व तो वांचला. तोच रोग विल्म्स यांना जडला आणि ता. १४ मे रोजीं, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.