समजून घ्या : मालेगावचा किल्ला बांधणारे नारोशंकर पेशव्यांच्या भाऊबंदकीत कोणाच्या बाजूला होते?

मोसम नदीकाठच्या ज्या भुईकोट किल्ल्यात आज शाळा भरते, त्याचे काम १७४० च्या सुमारास नारोशंकर राजेबहादूर यांनी सुरू केले. नाशिककरांना ते गोदाकाठच्या मंदिरामुळे आणि तिथल्या घंटेमुळे ठाऊक आहेत. मात्र या पेशवाई सरदाराचा खरा कस लागला तो पुण्यातल्या गटबाजीत.

त्यांचे नाव झाले बुंदेलखंडात. १७४२ मध्ये ओर्छा संस्थानावर मराठ्यांचा वचक बसल्यावर झाशीचा कारभार त्यांच्याकडे आला. किल्ला वाढवला, ओर्छ्याची माणसे आणून खाली शहर वसवले. पुढे पानिपतच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी दिल्ली त्यांच्यावर सोपवली. जानेवारी १७६१ मध्ये पराभवाची बातमी येताच त्यांना दिल्ली सोडावी लागली.

यानंतर पेशवेपद १६ वर्षांच्या माधवरावांकडे आले आणि काका रघुनाथराव सत्तेसाठी इरेला पेटले. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावला पुतण्याने काकापुढे माघार घेतली. मग काकांनी पदे वाटायला घेतली. भवानराव प्रतिनिधींना दूर करून ते मानाचे पद रघुनाथरावांनी स्वतःच्या तान्ह्या मुलाला, भास्कररावांना दिले. मुतालिक, म्हणजे त्यांच्या वतीने कारभार पाहणारे, म्हणून नेमले नारोशंकर यांना. तान्हे मूल काय कारभार करणार? म्हणजे प्रतिनिधीच ते झाले.

असा खेळ जगाला नवा नव्हता. इसवी सनापूर्वी ६७ मध्ये जेरुसलेमची ज्यू राणी सालोमी वारली आणि हिर्कानस व अरिस्टोब्युलस हे तिचे मुलगे गादीसाठी भांडू लागले. अँटिपेटर या मुत्सद्द्याने त्यांतल्या दुबळ्या हिर्कानसला हाताशी धरले. पुढे दोघेही भाऊ न्याय मागायला रोमन सेनापती पॉम्पीकडे गेले. त्याने इ.स.पू. ६३ मध्ये जेरुसलेमच ताब्यात घेतले. त्या घराण्याचे राज्य अखेर गेले अँटिपेटरच्या मुलाकडे, हेरोदकडे.

नारोशंकर यांच्या हाती मात्र एवढे काही लागले नाही. भवानरावांसारखे दुखावलेले सरदार निजामाला मिळाले आणि १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले. घरातल्या भांडणाची किंमत शहराने मोजली, ती अशी. ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला, माधवरावांचा शब्द वजनदार ठरला आणि भवानरावांना प्रतिनिधीपद परत मिळाले. नारोशंकर यांची मुतालिकी वर्षभरही टिकली नाही.

काका-पुतण्याचा वाद तरीही मिटला नाही. १७६८ मध्ये तो नाशिक जिल्ह्यातच, धोडपच्या परिसरात, पुन्हा रणांगणावर आला आणि रघुनाथराव पकडले गेले. माधवराव गेल्यावर १७७५ मध्ये त्याच रघुनाथरावांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला. जेरुसलेमच्या भावांनी रोमला घरात घेतले होते, इथे कंपनी सरकार आले.

नारोशंकर यांच्या मालेगावच्या किल्ल्यापर्यंत ते संकट मे १८१८ मध्ये पोहोचले. दुहेरी तट आणि खंदकाच्या आडून अरब शिपायांनी इंग्रजांना काही आठवडे झुंजवले. किल्ला पडला तो जूनमध्ये.