चांगदेवांचा कोरा कागद

देवावरचा विश्वास पुराव्याने बसतो का? सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनसचे पाच पुरावे पाठ केले. गुण मिळाले, प्रार्थना कोरडीच राहिली. पुणतांब्याला गोदाकाठी ज्यांची समाधी आहे, त्या योगी चांगदेवांचेही असेच झाले असावे. आख्यायिका त्यांना चौदाशे वर्षांचे आयुष्य देते, वाघावर बसवते. पण वयाने लहान आणि ज्ञानाने थोर अशा ज्ञानेश्वरांना पत्रात नमस्कार लिहावा की आशीर्वाद, हेच त्यांना उमगेना. कागद कोराच गेला. एवढे जगून योगी कोराच राहिला, असे मुक्ताबाईने म्हटल्याचे सांगतात. ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांत उत्तर धाडले. त्यातले अद्वैत आमच्या धर्मशिकवणीत बसत नाही, ते असो. वृद्ध चांगदेवांनी पुढे त्या लहानग्या मुक्ताबाईलाच गुरू केले. परंपरेनुसार १३०५ साली त्यांनी पुणतांब्याला समाधी घेतली.