लेक आपली, पण गोष्ट सगळ्यांची

मैत्रिणींनो, ‘घराणेशाही’ हा शब्द पूर्वी आपण राजकारणापुरताच वापरायचो. आमदाराचा मुलगा, सभापतींची सून वगैरे. २०१७ नंतर तो हिंदी सिनेमाच्या गप्पांमध्येही शिरला आणि २०२० मध्ये तर घरोघरी त्यावर वाद झाले. तेव्हा भिशीतसुद्धा एक वाक्य हमखास ऐकू यायचं, की जुन्या काळी असं नव्हतं बाई, तेव्हा गुणांची कदर होती. मला काही हे पटत नाही. म्हणून आज सांगते किशोर साहूंबद्दल. या माणसाच्या आयुष्यात दोन्ही बाजू आहेत आणि त्यांचं आमच्या नागपूरशी नातंही आहे.

तरुण मुलींना हे नाव ठाऊक नसेल. पण ‘गाईड’ (१९६५) पाहिलाय ना? त्यातला रोझीचा नवरा मार्को आठवा. जुन्या लेण्यांत रमणारा आणि घरच्या जिवंत बायकोकडे ढुंकूनही न बघणारा. तेच किशोर साहू. ‘हरे रामा हरे कृष्णा’मध्ये (१९७१) देव आनंद आणि झीनत अमानचे वडीलही तेच झाले होते. पण ही झाली उतारवयातली कामं. खरे साहू होते लेखक-दिग्दर्शक.

त्यांचा जन्म १९१५ चा, आज ज्याला आपण छत्तीसगड म्हणतो त्या भागातला. तेव्हा तो सगळा मुलूख मध्य प्रांतात होता आणि नागपूर त्याची राजधानी. त्यामुळे तिकडची मुलं शिकायला इकडे यायची. साहूंनीही १९३७ मध्ये नागपूर विद्यापीठाची पदवी घेतली. कथा लिहायचा नाद होताच. मग गाठली मुंबई. सिनेमात ना काका ना मामा! तरी बॉम्बे टॉकीजमध्ये प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी ‘जीवन प्रभात’मध्ये थेट देविकाराणींबरोबर काम. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती!

१९४० च्या ‘पुनर्मिलन’मध्ये त्यांच्या नायिका होत्या आपल्या स्नेहप्रभा प्रधान. दोघांनी लग्न केलं, पण ते टिकलं नाही. त्या मोडलेल्या संसाराची बाईची बाजू ज्यांना जाणून घ्यायची असेल त्यांनी स्नेहप्रभाबाईंचं ‘स्नेहांकिता’ हे आत्मचरित्र जरूर मिळवून वाचावं. पडद्यावर बाईचं दुःख समजून घेणारा पुरुष घरातही तसाच असतो, असं समजायचं कारण नाही, एवढंच मी म्हणेन.

पडद्यावर मात्र त्यांनी बाईचे प्रश्न सोडले नाहीत. १९४२ मध्ये ‘कुंवारा बाप’ केला. लग्न न झालेल्या पुरुषाच्या गळ्यात एक तान्हं मूल पडतं, त्याची ती हसवणारी गोष्ट. १९४७ मध्ये ‘सिंदूर’ आला. विषय काय, तर विधवेचा पुनर्विवाह! आजही विधवेला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, यावर आपल्याकडे कुजबुज होते. मग तेव्हाचं वातावरण काय असेल? १९६० मध्ये ‘दिल अपना और प्रीत पराई’ आला. मीनाकुमारीची ती नर्स बघा. स्वतः कमावणारी, रुग्णांसाठी झटणारी, आणि जिच्यावर जीव जडला त्या डॉक्टरचं लग्न घरच्यांनी उपकाराच्या ओझ्याखाली दुसरीशीच लावून दिलेलं. रुग्णालयात नोकरी करणारी बाई नायिका होऊ शकते, हे त्या सिनेमानं किती सहज दाखवलं.

आता मूळ मुद्द्यावर येते. ‘काली घटा’साठी (१९५१) साहूंनी नायिका शोधली ती स्पर्धेतून. लखनौला शिकणारी, सिनेमात कुणीही ओळखीचं नसलेली एक मुलगी त्यांनी निवडली. तीच पुढे बीना राय म्हणून गाजली. बाहेरून आलेल्या माणसानं बाहेरच्याच मुलीला दार उघडून दिलं. किती छान ना?

आणि मग आलं १९६७. चित्रपट ‘हरे कांच की चूडियां’. निर्माते-दिग्दर्शक किशोर साहू. नायिका कोण? त्यांचीच लेक, नैना साहू! यावेळी स्पर्धा वगैरे काही नाही. ज्याला स्वतःला कुणाचा वशिला नव्हता, तोच लेकीचा वशिला झाला. बापाची माया म्हणून मी ते समजू शकते. पण एखाद्या गावात आणखी एखादी गुणी मुलगी संधीची वाट बघत बसली असेल, तिचं काय? मायेनं घेतलेल्या निर्णयाची किंमत बहुतेक वेळा अशीच कुणीतरी तिसरी चुकवते. संस्थेच्या शाळेत नोकरीसाठी मुलाखतीला गेलेल्या आपल्या मुलींना हे वेगळं सांगायला नको.

पण याच सिनेमाची दुसरी बाजूही बघायला हवी. लेकीला पहिल्यांदा पडद्यावर आणताना बाप सहसा काय करतो? तिला छान छान कपडे, बर्फातली गाणी आणि गोड शेवट देतो. साहूंनी मुलीला दिली लग्नाआधी आई होणाऱ्या कॉलेजकन्येची भूमिका. त्या काळी बदनामीची भीती वाटावी असा विषय! तिथे मात्र या माणसातला लेखक बापाला शरण गेला नाही.

पुढे १९७० मध्ये त्यांनी नैनाला घेऊन ‘पुष्पांजली’ केला. तरी आघाडीच्या नायिकांमध्ये तिचं नाव काही लागलं नाही. वडील दार उघडून देऊ शकतात, पण प्रेक्षकांच्या मनात जागा मिळवून देऊ शकत नाहीत. याच्या उलट नूतन. तिलाही आईनंच, शोभना समर्थांनी, १९५० मध्ये ‘हमारी बेटी’त आणलं होतं. पण आपल्या लक्षात राहिली ती ‘सुजाता’ आणि ‘बंदिनी’. बिमल रॉय यांनी तिला गोष्टी तशा दिल्या आणि तिनं त्यांचं सोनं केलं.

किशोर साहू १९८० मध्ये गेले. त्यांचं आत्मचरित्र छापून यायलाही त्यानंतर कित्येक वर्षं गेली. नागपुरात शिकलेला, विधवेची आणि कुमारी मातेची गोष्ट लाखो लोकांसमोर मांडणारा हा माणूस आज आपल्याच शहराला फारसा आठवत नाही, याची मला खंत वाटते.

म्हणून सुचवते. नायिका कुणाची मुलगी, नायक कुणाचा नातू, यावर भांडण्यात आपण बराच वेळ घालवतो. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारू या, की सिनेमात गोष्ट काय आहे? तिकिटाचे पैसे आपल्या संसाराच्या हिशोबातून जातात. गोष्टच नसेल तर नाही म्हणायचा हक्क आपलाच आहे. आणि सुट्टीच्या दुपारी लेकीला जवळ बसवून ‘दिल अपना और प्रीत पराई’ नक्की बघा.